ग्रेच्चोची गव्हाण

२९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी असिसीच्या फ्रान्सिसच्या बंधुसंघाची नियमावली मंजूर केली. संघाच्या दृष्टीने हा मोठा दिवस. चौदा वर्षांपूर्वी, १२०९ मध्ये, फ्रान्सिस मूठभर सोबत्यांना घेऊन रोमला आले होते तेव्हा त्यांच्या हाती शुभवर्तमानातली काही वचनं होती आणि अंगावर जाडाभरडा झगा. त्या वेळचे पोप इनोसंट तिसरे यांनी तोंडी परवानगी देऊन त्यांची बोळवण केली होती. आता संघात हजारो बंधू होते, आल्प्सपलीकडच्या देशांत त्यांची वस्ती झाली होती आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा लेखी नियम हाती आला होता.

फ्रान्सिसना मात्र हा नियम सुखासुखी मिळाला नव्हता. १२२१ मध्ये त्यांनी लिहिलेला मसुदा शुभवर्तमानातल्या उताऱ्यांनी आणि विनवण्यांनी ओथंबलेला होता, म्हणून तो बाजूला पडला. मग रिएतीच्या खोऱ्यातल्या फोंते कोलोंबो इथे एकांतात बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला. रोममध्ये त्यावर कायद्याची कात्री फिरली. वाटेला लागताना बरोबर काही घेऊ नका, ही ख्रिस्ताने शिष्यांना केलेली आज्ञा नियमात असावी असा फ्रान्सिसचा आग्रह होता. संघाच्या कारभाऱ्यांनी ती राहू दिली नाही, असं त्यांच्या जवळच्या सोबत्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. संघाचा कारभार फ्रान्सिसनी १२२० मध्येच सोडला होता. आपणच लावलेलं झाड आपल्याला न विचारता वाढताना ते पाहत होते.

शरीरही साथ देत नव्हतं. वयाची चाळिशी नुकतीच उलटलेली, पण पोटाचं दुखणं आणि ताप पाठ सोडत नव्हते. त्याहून वाईट होती डोळ्यांची अवस्था. १२१९ मध्ये ते इजिप्तला गेले होते. क्रूसेडचं सैन्य दमिएत्ताला वेढा घालून बसलेलं असताना फ्रान्सिस एका बंधूसह, हाती काही शस्त्र न घेता, सुलतान अल्‌-कामिलच्या छावणीत पोचले आणि सुखरूप परतले. त्या प्रवासातून त्यांनी डोळ्यांचा एक चिवट रोग आणला. उजेड सोसवेनासा झाला, डोळ्यांतून सतत पाणी वाहू लागलं. पुढे १२२५-२६ च्या सुमारास वैद्यांनी उपाय म्हणून त्यांच्या कानापासून भुवईपर्यंतची कातडी तापलेल्या लोखंडाने डागली. त्याचाही उपयोग झाला नाही.

अशा माणसाने १२२३ च्या डिसेंबरात एक मागणी केली. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाचे हाल आपल्याला या देहाच्या डोळ्यांनी पाहायचे आहेत, असं ते म्हणाले. अंधत्वाकडे चाललेल्या माणसाची ही मागणी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय ग्रेच्चोतल्या त्या नाताळाची तीव्रता कळत नाही.

ग्रेच्चो हे रिएतीच्या खोऱ्यातलं डोंगरउतारावर वसलेलं छोटं गाव. गावापासून थोड्या अंतरावर, रानाने वेढलेल्या कड्याच्या कपारीत, बंधूंची झोपडीवजा वस्ती होती. फ्रान्सिसचा या गावावर जीव होता, कारण इथली माणसं गरीब होती आणि साधी होती. संध्याकाळी बंधू देवाची स्तुती गायला लागले की गावातली थोरली माणसं आणि पोरंटोरं घराबाहेर येऊन त्यांना मोठ्याने साद देत, अशी सोबत्यांची आठवण आहे. या मुलखात जोव्हान्नी नावाचा एक खानदानी गृहस्थ होता. परंपरा त्याला ग्रेच्चोचा जहागीरदार जोव्हान्नी वेलिता म्हणून ओळखते. फ्रान्सिसचं पहिलं चरित्र लिहिणारे चेलानोचे थॉमस त्याच्याबद्दल सांगतात ते एवढंच, की कुळाच्या मोठेपणापेक्षा त्याला मनाचं मोठेपण अधिक मोलाचं वाटे. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसनी या जोव्हान्नीला बोलावून घेतलं आणि काय हवं ते सांगितलं. गवताने भरलेली गव्हाण हवी. एक बैल हवा. एक गाढव हवं.

यादी एवढ्यावरच संपते. ती परत एकदा वाचावी अशी आहे, कारण त्या काळी ख्रिस्तजन्माची चित्रं आणि शिल्पं चर्चमध्ये काही कमी नव्हती. २५ डिसेंबरला हा सण रोममध्ये चौथ्या शतकापासून साजरा होत होता. बेथलेहेमात त्याच शतकात जन्मस्थळावर भव्य चर्च उभं राहिलं. रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात तर मूळ गव्हाणीच्या फळ्या म्हणून जपलेले अवशेष होते आणि आजही आहेत. आठवण टिकून होती, पण ती सोन्यारुप्यात मढवली गेली होती.

याची खंत फ्रान्सिसच्या आठशे वर्षं आधी एका माणसाने बोलून दाखवली होती. संत जेरोम इसवी सन ३८६ पासून बेथलेहेमातच राहत होते. तिथेच बसून त्यांनी बायबलच्या लॅटिन भाषांतराचं बरंचसं काम केलं. जन्मस्थळापासून हाकेच्या अंतरावर राहणारा हा विद्वान एका नाताळच्या प्रवचनात म्हणाला, की मातीची गव्हाण काढून लोकांनी तिथे चांदीची बसवली. त्यांनी ते आदरापोटी केलं, त्यांना मी दोष देत नाही, पण मला ती काढून टाकलेली मातीचीच गव्हाण अधिक मोलाची वाटते. जेरोमसारखा तापट माणूस इतक्या हळुवारपणे बोललेला क्वचितच सापडेल.

मूळ कथेत आहे तरी काय? लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख येतो तो अडचण म्हणून. उताराच्या जागी त्यांना ठाव नव्हता, म्हणून मरियेने आपल्या पहिल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीतच. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझी प्रजा मला ओळखत नाही, अशा अर्थाचा देवाचा आक्रोश तिथे अगदी सुरुवातीला आहे. ख्रिस्ती माणसांनी या दोन मुक्या जनावरांना फार लवकर बाळाशेजारी आणून उभं केलं. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर ती कोरलेली दिसतात. माणसांनी दार लावून घेतलं तेव्हा ज्यांच्या खाण्याच्या जागेत देवाला जागा मिळाली, ते हे दोघे. फ्रान्सिसनी मागितलं ते नेमकं हेच: गवत, गव्हाण आणि ही दोन जनावरं. जन्माचा त्रास ज्यांतून कळतो तेवढंच.

संत बोनाव्हेंतुरा यांनी चाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या चरित्रात आणखी एक तपशील आहे. काही तरी नवं खूळ काढलं असा ठपका येऊ नये, म्हणून फ्रान्सिसनी पोपची आधी परवानगी घेतली होती. ही भीती अनाठायी नव्हती. इनोसंट तिसरे यांनी १२०७ मध्ये चर्चमधल्या नाटकी सोंगांना मनाई करणारं पत्र लिहिलं होतं. पण फ्रान्सिसना नाटक करायचं नव्हतंच. मरियेचं किंवा योसेफाचं सोंग कुणी घेतलं, मेंढपाळ म्हणून कुणी आलं, असं चेलानोंच्या वृत्तांतात कुठेच नाही.

आता त्या रात्रीकडे येऊ. चेलानोंनी फ्रान्सिसचं चरित्र पोप ग्रेगरी नववे यांच्या आज्ञेवरून १२२८-२९ मध्ये लिहिलं, म्हणजे घटनेला जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि ती पाहिलेली माणसं हयात होती. निरनिराळ्या ठिकाणच्या मठींतून बंधू गोळा झाले होते. गावातल्या आणि आसपासच्या बायाबापड्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे मेणबत्त्या आणि मशाली तयार केल्या होत्या. त्या घेऊन ही माणसं रात्रीच्या अंधारात डोंगर चढून आली. डिसेंबरातली मध्यरात्र, रानातली पायवाट, आणि खालून वर सरकत येणारी ज्योतींची रांग. रान आवाजांनी भरून गेलं आणि कड्यांनी त्या आवाजांना साद दिली, असं चेलानो लिहितात. बंधू गात होते. गव्हाण मांडली होती, गवत आणलं होतं, बैल आणि गाढव शेजारी उभे होते. फ्रान्सिस आले, त्यांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना भरून आलं. गव्हाणीसमोर ते उसासे टाकत उभे राहिले.

मग गव्हाणीवरच मिस्साबली झाला. अर्पण करणारे धर्मगुरू दुसरे होते. फ्रान्सिस आयुष्यभर डिकनच राहिले, याजकपद त्यांनी कधी घेतलं नाही. म्हणून त्यांनी डिकनचा पोशाख चढवला आणि डिकनचं काम केलं: शुभवर्तमान गायलं. त्यांचा आवाज खणखणीत होता, गोड होता, स्वच्छ होता. कैसर औगुस्ताने जनगणनेचं फर्मान काढलं तिथपासून मेंढपाळांना दिसलेल्या देवदूतांपर्यंतचा तो उतारा. त्यानंतर त्यांनी लोकांपुढे प्रवचन केलं. विषय होता दरिद्री राजाचा जन्म आणि बेथलेहेम नावाचं लहानसं गाव. येशूचं नाव घ्यायची वेळ आली की प्रेमाने कंठ दाटून येई आणि ते त्याला बेथलेहेमचं बाळ एवढंच म्हणत. बेथलेहेम हा शब्द ते असा लांबवत की कोकरू बेंबटल्यासारखा ऐकू येई. नाव उच्चारून झालं की ते ओठांवरून जीभ फिरवत, जणू त्या नावाची चव तोंडात उरली आहे.

हा तपशील मला सगळ्या वृत्तांतातला सर्वांत खरा वाटतो. संताचं चरित्र लिहिणारा माणूस सहसा असं काही बनवून लिहीत नाही. संत दिव्य दिसावा, तेजस्वी दिसावा अशी चरित्रकाराची इच्छा असते. चाळिशीतला आजारी माणूस भर मिस्सात कोकरासारखा आवाज काढतो आणि ओठ चाटतो, हे चित्र रुबाबदार नाही. ते लिहिलं गेलं, कारण ज्यांनी पाहिलं त्यांना ते विसरता आलं नाही.

गव्हाणीत काय होतं? गवत होतं. आज आपण गोठा म्हटलं की मधोमध निजलेल्या बाळाची मूर्ती डोळ्यांसमोर येते, पण चेलानोंच्या वृत्तांतात बाळाच्या मूर्तीचा उल्लेख नाही. गव्हाण मांडली ती बाळाविना, आणि तिच्यावर वेदी रचून भाकर व द्राक्षारस अर्पण झाला. फ्रान्सिसच्या मनात या दोन गोष्टींचा सांधा पक्का होता. आपल्या बंधूंना केलेल्या उपदेशात त्यांनी म्हटलं आहे, की राजसिंहासन सोडून कुमारीच्या उदरात येताना देवाचा पुत्र जसा लहान झाला तसाच तो रोज लहान होतो, रोज वेदीवर याजकाच्या हातात साध्या रूपाने उतरतो. बाराशे वर्षांपूर्वी एकदाच झालेल्या घटनेची नक्कल करण्यासाठी त्यांनी गावाला डोंगरावर बोलावलं नव्हतं. गव्हाण ही जनावरांच्या खाण्याची जागा. तिथे ठेवलेलं बाळ पुढे आपलं शरीर माणसांना अन्न म्हणून देणार होतं. त्या रात्री गावकरी गव्हाणीजवळ गेले ते पाहायला आणि तिथेच त्यांच्यासमोर मिस्साबली अर्पण झाला. पुढे त्या जागी प्रभूचं मंदिर झालं आणि गव्हाणीच्या जागेवर वेदी उभारली गेली. जिथे जनावरांनी चारा खाल्ला तिथे आता माणसं देवाच्या कोकराचा देह खातात, हे चेलानोंनीही नोंदवलं आहे.

जमलेल्यांपैकी एका सद्गुणी माणसाला त्या रात्री एक दर्शन झालं. बोनाव्हेंतुरा म्हणतात की हा माणूस म्हणजे जोव्हान्नीच. त्याला गव्हाणीत एक निपचित पडलेलं बाळ दिसलं. फ्रान्सिस जवळ गेले आणि त्यांनी त्या बाळाला गाढ झोपेतून जागं केलं. चेलानो याचा अर्थ सांगायला फार वेळ घेत नाहीत: कितीतरी माणसांच्या मनात बाळ येशूचा विसर पडला होता, ते बाळ या सेवकामुळे पुन्हा जागं झालं. दर्शनावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण १२२३ च्या युरोपातलं ख्रिस्ती जग पाहिलं तर हे निदान अचूक आहे. जेरुसलेम आणि बेथलेहेम ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीनच्या ताब्यात गेलं होतं आणि ते तलवारीने परत मिळवण्यासाठी मोहिमांवर मोहिमा निघत होत्या. पाचवी मोहीम १२२१ मध्ये नाईलच्या पुरात आणि चिखलात रुतून संपली, ती फ्रान्सिसनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या छावणीतलीच. जिथे ख्रिस्त जन्मला त्या गावासाठी माणसं मारली जात होती आणि जन्मला तो कसा, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ग्रेच्चोच्या माणसांना बेथलेहेम पाहायला समुद्र ओलांडावा लागला नाही.

मिस्सा संपल्यावर लोक आनंदाने घरी गेले. गवत मात्र जपून ठेवलं गेलं. आजारी गुरांना ते खाऊ घातलं की गुरं बरी होतात, अडलेल्या बाळंतिणीच्या अंगावर ठेवलं की सुटका होते, अशी श्रद्धा आसपासच्या मुलखात पसरली. त्या रात्रीचा प्रसाद गेला तो गाईगुरांपर्यंत आणि बाळंतिणीच्या खाटेपर्यंत. जिथून ती कथा सुरू झाली होती, तिथेच.

देवाच्या प्रेमाचं दान असं नाताळाबद्दल नेहमी म्हटलं जातं. फ्रान्सिसच्या आधीच्या शतकांत हे दान बहुतेक वेळा राजाच्या देणगीसारखं समजलं गेलं. राजा वर बसतो, हात पुढे करतो, खाली उभा असलेला घेतो. कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पुरा केलेला देव मनुष्य का झाला या प्रश्नावरचा ग्रंथ तर हिशेबाच्या भाषेत बोलतो. माणसाने पाप करून देवाचा मान हिरावला, ते ऋण फेडण्याची ऐपत माणसात नाही, फेडायचं तर माणसानेच हवं, म्हणून देव माणूस झाला. तर्क भक्कम आहे आणि त्यात देवाची दया आहेच. पण गोठ्यातल्या थंडीत उभं राहून पाहिलं की त्यात काही तरी सुटल्यासारखं वाटतं. ग्रेच्चोत देणारा घेणारा होऊन आला होता. त्याला दूध हवं होतं, ऊब हवी होती, कुणीतरी उचलून घ्यायला हवं होतं. ज्याला काही कमी नाही त्याने कमतरता पत्करली, आणि ती पत्करताना कुणाकडून काही वसूल करायचं त्याच्या मनात नव्हतं. फ्रान्सिसना प्रेम म्हणजे हे दिसलं. म्हणून मरियेच्या गरिबीची गोष्ट कुणी जेवताना सहज काढली तेव्हा ते पानावरून उठले आणि हुंदके देत उरलेली भाकर उघड्या जमिनीवर बसून खाल्ली.

ही समज फ्रान्सिसनी ग्रंथ लिहून मांडली नाही. ती त्यांच्या संघातल्या एका पंडिताने मांडली. १३०८ मध्ये कोलोनला वारलेले जॉन डन्स स्कोटस ऑक्सफर्डला आणि पॅरिसला शिकवत होते. त्यांचं म्हणणं असं, की देवाचं मनुष्य होणं आदामाच्या पापावर अवलंबून नव्हतं. सृष्टीतलं सर्वांत मोठं कार्य हे माणसाच्या चुकीमुळे नाइलाजाने सुचलेली डागडुजी असणं शक्य नाही. ख्रिस्त देवाच्या मनात आधीपासून होता, कारण देवाला असा कुणीतरी हवा होता जो त्याच्यावर पुरेपूर प्रेम करील. माणूस पापात पडला नसता तरी ख्रिस्त आला असता. मोठमोठ्या धर्मपंडितांनी हे मत मानलं नाही, थॉमस अक्वायनस यांचा कल तर दुसरीकडे होता, आणि त्यावरचा वाद पुढे शतकानुशतकं चालला. मला स्वतःला स्कोटसच्या युक्तिवादामागे ग्रेच्चोचं गवत दिसतं. जो माणूस अशा संघात वाढला जिथे वर्षातला सगळ्यांत मोठा सण नाताळ मानला जाई, त्याला देवाचं येणं दुरुस्तीचं काम वाटणं अवघडच होतं.

फ्रान्सिस नाताळाला सणांचा सण म्हणत. एकदा नाताळ शुक्रवारी आला आणि मांस खावं की नाही असा प्रश्न बंधूंमध्ये निघाला. अशा दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं असं मला वाटतं, ते म्हणाले, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान बाहेरून चोपडावं. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांची प्रतिक्रिया अगदी उलट होती. ग्रेच्चोच्याच मठीत एका सणाला संघाचे कारभारी पाहुणे म्हणून आले. सोबत्यांच्या एका संग्रहात हा सण नाताळ आहे, चेलानोंच्या दुसऱ्या चरित्रात ईस्टर. बंधूंनी पाहुण्यांसाठी उंच मेज मांडलं, त्यावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं, काचेचे पेले ठेवले. फ्रान्सिसनी ते पाहिलं. त्या दिवशी दाराशी आलेल्या एका भिकाऱ्याची टोपी त्यांनी हळूच डोक्यावर घातली, त्याची काठी हातात घेतली आणि बाहेर जाऊन थांबले. जेवण सुरू झाल्यावर दारात येऊन गरीब आजारी वाटसरूला भीक घाला म्हणून हाक दिली. आत आल्यावर मिळालेली ताटली घेऊन ते शेकोटीजवळ जमिनीवर बसले आणि ताटली राखेत ठेवली. मेजावर बसलेल्यांचे घास घशातच अडकले.

भिंतींना मांस चोपडायला निघालेला माणूस आणि पांढऱ्या कापडाने व्यथित झालेला माणूस एकच. सणाला भरपूर असावं, सगळ्यांना असावं, पण ज्याचा सण आहे तो दाराबाहेर उभा असताना आत मेज सजवलेलं असू नये.

ग्रेच्चोनंतर सुमारे नऊ महिन्यांत, १२२४ च्या सप्टेंबरात, ला व्हेर्नाच्या डोंगरावर फ्रान्सिसच्या हातापायांवर आणि कुशीत क्रूसाच्या जखमा उमटल्या. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी ते गेले. जाण्याआधी त्यांनी आपल्याला उघड्या जमिनीवर निजवायला सांगितलं.

गव्हाणीचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे, फार लांबवण्याचं कारण नाही. १२९१ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघातून आलेले पहिले पोप निकोलस चौथे यांच्या काळात आर्नोल्फो दी कांबियो या शिल्पकाराने सांता मारिया माज्जोरेसाठी संगमरवरी गोठा घडवला. असिसीच्या महामंदिरात जोत्तोच्या नावावर असलेलं भित्तिचित्र आहे, त्यात ग्रेच्चोचं रान नाही. सोहळा चर्चच्या आत, नक्षीदार वेदीसमोर चाललेला आहे, फ्रान्सिसच्या हातात बाळ आहे आणि गावच्या बायका आडभिंतीच्या दारातून डोकावताहेत. चित्रकाराने सोहळा भव्य केला, पण ज्यांनी मशाली आणल्या त्यांना उंबऱ्यावर ठेवलं. नंतरच्या शतकांत नेपल्सच्या घराघरांत शेकडो बाहुल्यांचे गोठे सजले.

आपल्या किनाऱ्यावर फ्रान्सिस्कन बंधू सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज गलबतांतून आले. गोव्यात बार्देशच्या गावांचं धर्मकार्य त्यांच्याकडे होतं आणि वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. सुलतानाच्या छावणीत निःशस्त्र गेलेल्या माणसाचे वारस इथे तोफा बाळगणाऱ्या सत्तेच्या सावलीत आले, ही गोष्ट मनाला लागते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तरी गोठा इथल्या मातीत रुजला तो सत्तेमुळे नव्हे. वसईत, गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत डिसेंबर उजाडला की पोरं पेंढा, बांबू, माती गोळा करत हिंडतात. काही घरांत दोन आठवडे आधी थाळीत गहू किंवा नाचणी पेरून हिरवी पाती उगवून घेतात आणि ते शेत गोठ्यापुढे मांडतात. बैल आपल्याकडचाच असतो, वशिंडाचा. कितीतरी घरांत बाळाची मूर्ती चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत.

फ्रान्सिसच्या मृत्यूला वीस वर्षं होत आली तेव्हा संघाच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्यांच्याविषयीच्या आठवणी मागवल्या. लिओ, रुफिनो आणि अँजेलो या तीन जुन्या सोबत्यांनी जे पाठवलं त्याच्या सोबतच्या पत्रावर तारीख आहे ११ ऑगस्ट १२४६ आणि ठिकाण आहे ग्रेच्चो. आम्ही त्यांच्यासोबत होतो, असं पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या या माणसांच्या आठवणी पुढे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरल्या. त्यांत एक आहे फ्रान्सिसच्या मनातल्या कायद्याची. सम्राटाशी कधी बोलायला मिळालं तर त्याच्याकडे हे फर्मान मागेन, असं ते म्हणत. चंडोल पक्ष्यांना, आमच्या या बहिणींना, कुणी पकडू नये. दर नाताळला नगरांच्या आणि गढ्यांच्या मालकांनी आपल्या लोकांना गावाबाहेरच्या वाटांवर गहू आणि इतर धान्य टाकायला भाग पाडावं, म्हणजे सणाच्या दिवशी पाखरांना खायला मिळेल. ज्या रात्री देवाचं बाळ बैल आणि गाढवाच्या मधोमध निजलं त्या रात्रीच्या मानासाठी, ज्याच्या गोठ्यात बैल आणि गाढव असतील त्याने त्यांना पोटभर उत्तम चारा द्यावा. आणि श्रीमंतांनी त्या दिवशी गरिबांना पोटभर जेवू घालावं.

ही आठवण पत्रांतून फिरत होती त्या वर्षी सम्राट फ्रेडरिक दुसरा आणि पोप इनोसंट चौथे यांच्यात उघड युद्ध चालू होतं. पोपनी वर्षभरापूर्वी लिऑनच्या धर्मपरिषदेत सम्राटाला पदच्युत केलं होतं. फर्मान मागायला कुणी गेलं नाही.